सोयाबीनवरचा भाचा

चहा येतोय तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. नाहीतर बायको सांगेल, आणि ती सांगते तेव्हा त्यात मी आहे त्यापेक्षा जास्त गाढव दिसतो. तसा फार फरक पडत नाही म्हणा, पण आपली बाजू आपण मांडलेली बरी.

तर मी अमरावतीला शुगर आणि थायरॉइडचा डॉक्टर. दर गुरुवारी अकोल्यालाही ओपीडी असते. दवाखान्याच्या पाटीवर माझ्या शास्त्राचं जे लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते आजवर एकाही पेशंटनं शेवटपर्यंत वाचलेलं नाही. लोक म्हणतात 'शुगरवाले'. आधी राग यायचा, आता मीही फोनवर 'शुगरवाला बोलतोय' असंच सांगतो.

आणि मला एक वाईट खोड आहे. समजावून सांगायची. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या आणि चहा नंतर प्या, एवढं सांगायला दुसऱ्या डॉक्टरला अर्धं मिनिट लागत असेल. मी आधी गळ्याचं चित्र काढतो. मग त्यात ती ग्रंथी काढतो. मग ती ग्रंथी फुलपाखरासारखी का दिसते ते सांगतो. तोवर पेशंट बाहेर जाऊन चहा पिऊन आलेला असतो.

ही खोड लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिनंच केलं.

झालं असं, की अकोल्यात मधुमेह तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं. आता शिबिर म्हटलं की फ्लेक्स आला. आपल्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय साधा वाढदिवससुद्धा साजरा झाला असं कोणी मानत नाही. फ्लेक्स छापणारा म्हणाला, "सर, तुमचा फोटो तं टाकतोच, पन पेशंटचा पायजे. हसणारा पेशंट."

हसणारा पेशंट आणायचा कुठून? आपल्याकडे माणूस एकवेळ कर्ज सांगेल पण शुगर सांगणार नाही. माझा एक जुना पेशंट, अकोल्याचा टेलर रहीमभाई, शुगर इतकी छान सांभाळलेली, चेहराही हसरा. त्याला विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाब, आप बोलो तो किडनी दे दूँगा, फोटो मत माँगो. बेटी की शादी बाकी है."

त्याच वेळी मला देवानं बुद्धी द्यायला हवी होती. दिली नाही.

मी फोन केला वैभवला. वैभव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, एकुलता एक मुलगा. दर्यापूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि घरची काळ्या मातीतली पंधरा एकर. गोरागोमटा, उंच, दात कसे जाहिरातीतले. सुपारीचं खांडही खात नाही. म्हटलं, जरा ये, फोटो काढायचाय. बिचारा मोटरसायकलवर आला. मी त्याचं बोट धरलेलं, तो कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, असा फोटो निघाला. आणि त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत मी स्वतः सुचवलेलं वाक्य: 'मला शुगर आहे, पण मी बिनधास्त आहे!'

बायको म्हणाली, "अहो, त्याचं लग्न व्हायचंय."

मी म्हटलं, "तो राहतो दर्यापूरला, फ्लेक्स लागणार अकोल्यात. तिथे त्याला कोण ओळखतं?"

शिबिर झोकात झालं. फ्लेक्स चौकात लागला, वाऱ्यानं फाटला, एका दोरीवर लोंबला आणि एक दिवस नाहीसा झाला. मीही विसरलो.

आता इकडे ताईचं काय चाललं होतं ते ऐका. वैभवसाठी मुली बघणं सुरू होतं. आता शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं म्हणजे काय असतं ते आपल्या भागात मी कोणाला सांगायला नको. पुण्यात कुठल्यातरी कंपनीत वॉचमन असला तरी चालेल, पण दर्यापूरचा पंधरा एकरवाला नको. एकीनं सांगितलं, दुकानात खताचा वास येतो. एकीच्या आईनं सांगितलं, घराला वरचा मजला नाही. ताईनं वरचा मजला बांधायला काढला तोवर त्या मुलीचं लग्न झालं. ताई माझ्याकडे येऊन रडायची. मला खरंच वाईट वाटायचं हो. इतका चांगला पोरगा, आणि दर वेळी चहा पिऊन लोक उठून जायचे.

आणि मग अकोल्याचं स्थळ आलं. मयुरी. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी, स्वतःच्या डोक्यानं चालणारी मुलगी. तिनं वैभवशी दोन-तीनदा बोलून सरळ घरी सांगून टाकलं, याच्याशीच करीन. ताईला आभाळ ठेंगणं झालं. डिसेंबरात साक्षगंध ठरलं.

साक्षगंधाच्या दिवशी मुलीच्या घरासमोर मांडव, दीडेकशे माणूस, आलूबोंडे, जिलेब्या. ताई ज्याला त्याला माझी ओळख करून देत होती. "हा माहा भाऊ. मोठा डॉक्टर हाये. आमच्या घरात कोनाले कायी झालं तं याच्याच हातचं औषध." मीही कोट घालून जरा फुगूनच बसलो होतो.

मुलीचे वडील भास्करराव, निवृत्त शिक्षक, शांत माणूस. मुलीला कुंकू लागलं, साडी दिली गेली. आता अंगठ्या घालायच्या, एवढ्यात भास्कररावांचे मोठे भाऊ पुढे आले. सुभाषकाका. पातूरकडे शेती. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला ते नव्हते, नवरदेवाला पहिल्यांदाच पाहत होते. वैभवच्या अगदी समोर उभे राहिले, मान इकडून तिकडे केली.

"हा पोट्टा मले ओयखीचा वाटून राहिला," ते म्हणाले.

"दुकानात पायलं असन," भास्करराव म्हणाले.

"नाई रे. रोज पायतो मी याले."

"रोज कसा पायशील, भाऊ? ते दर्यापूरले, तू पातूरले."

काका विचारात पडले आणि एकदम वळून मांडवाबाहेर गेले. बाहेर त्यांची पिकअप उभी होती. त्यातून पातूरहून सतरंज्या आणि भांडी आणली होती आणि वरून एक जुना फ्लेक्स झाकला होता. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या तोपर्यंतही आलं नव्हतं. मी जिलेबी खात होतो.

काकांनी तो फ्लेक्स ओढत मांडवात आणला आणि सगळ्यांच्या पायांपाशी अंथरला. त्यावर धूळ, सोयाबीनचं भुसकट, एका कोपऱ्यात शेण, आणि मधोमध आमचा वैभव, गोठ्याच्या दाराएवढ्या तोंडानं हसतोय. 'मला शुगर आहे, पण मी बिनधास्त आहे!'

"चौकात लोंबून राहिलं होतं, म्या कामाचं म्हनून नेलं," काका म्हणाले. "दोन महिने हा पोट्टा आमच्या सोयाबीनवर झोपून होता. म्हून म्हटलं, ओयखीचा हाये."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत लहानपणापासूनचे सगळे हिशेब होते.

बायकोनं माझा कोट धरला. "तुम्ही काही बोलू नका."

पण मी उठलो. समजावून सांगायची खोड, म्हटलं ना.

मी सांगितलं, की हा फोटो फक्त जाहिरातीपुरता आहे. मुलाला शुगर नाही, कधीच नव्हती. पेशंट फोटो द्यायला तयार नव्हते, म्हणून भाच्याला उभं केलं. सगळं खरं, सगळं सरळ. आणि मी खाली बसणार, तेवढ्यात काका म्हणाले, "म्हंजे चौकात येवढ्या मोठ्ठ्या अक्षरात तुमी खोटं लेयलं होतं?"

"खोटं म्हणजे... जाहिरात."

"मंग आता खरं सांगून राहिले हे कशावरून?"

मागून कुणीतरी म्हणालं, मामाच डॉक्टर म्हटल्यावर लपवाले काय लागते. बायकांत कुजबुज सुरू झाली. भास्करराव शांतपणे म्हणाले, "अंगठ्या जरा थांबवा." ताई मटकन खाली बसली. वैभवचा चेहरा पाहवत नव्हता. आतापर्यंतच्या सगळ्या नकारांपेक्षा हा नकार वाईट, कारण हा त्याच्या मामानं छापून घेतला होता.

मग मला ती अक्कल सुचली.

"थांबा," मी म्हणालो. "माझ्या गाडीत शुगर तपासायचं मशीन आहे. सगळ्यांच्या समोर तपासतो. दूध का दूध, पानी का पानी."

लोक खुर्च्या ओढून जवळ आले. मी ग्लुकोमीटर आणलं. मशीन काय असतं, पट्टी काय असते, आकडा किती आला म्हणजे चांगला, सगळं समजावून सांगितलं. हो, तिथेसुद्धा. खाल्ल्यावर एकशे चाळीसच्या आत असला की पोरगा ठणठणीत, असं सगळ्यांच्या डोक्यात नीट भरून ठेवलं. स्पिरिटच्या बोळ्यानं वैभवचं बोट पुसलं, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला.

चारशे बारा.

मी मशीन हातानं झाकलं. काकांनी माझा हात बाजूला केला आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"पट्टी खराब असेल," मी म्हणालो आणि घाईघाईत दुसरी पट्टी घेतली, शेजारचं बोट टोचलं.

चारशे साठ.

"ही तं वाढून राहिली," काका म्हणाले.

भास्कररावांनी डोळे मिटले. आणि मला बघा, इतक्या वर्षांचा अनुभव, भिंतीवरच्या डिग्र्या, डोक्यात एकच विचार: याला खरंच शुगर झाली की काय, आणि मी मामा असून पाहिली नाही. मी त्याला विचारणार होतो, तुला तहान फार लागते का रे.

एवढ्यात मयुरी उठली. नवरीच्या साडीत, कपाळावर ताजं कुंकू.

"मामाजी, यांनी हात धुतला का?" ती म्हणाली.

"स्पिरिटनं पुसला ना."

"यांनी आत्ता जिलेबी खाल्ली. बोटाले पाक हाये. पाक स्पिरिटनं निघते का? पाण्यानं निघते."

आता हे मी दर गुरुवारी सांगतो. दर गुरुवारी! बोटाला गोड लागलेलं असेल तर थेंबात तीच साखर उतरते आणि मशीन फुगवून आकडा दाखवतं, म्हणून साबण-पाण्यानं हात धुवा, असं मी चित्र काढून सांगतो. आणि आमच्या पोरानं तीन बोटांनी जिलेबी उचलली होती, हातरुमालाला पुसली होती, आणि मी एकामागून एक पाकातलीच बोटं टोचत सुटलो होतो.

मयुरीनं तांब्या मागवला. वैभवचा हात हातात घेतला, सगळ्यांच्या देखत साबण लावून धुतला, पदरानं कोरडा केला. वैभव एकटा असा होता की ज्याला आपली शुगर किती येते याच्याशी आता काही घेणंदेणं राहिलं नव्हतं. तिनं माझ्या हातून सुई घेतली आणि स्वतः टोचली.

एकशे अठरा.

ताईनं जमिनीला हात लावून नमस्कार केला. मी छाती पुढे काढून काकांकडे पाहिलं. काका हलले नाहीत.

"मशीन एकडाव चारशे सांगते, एकडाव एकशे अठरा," ते म्हणाले. "माहा वजनकाटा असा वागला असता तं म्या नाल्यात फेकला असता."

"काका, पाकामुळे..."

"तुमी निरोगी हायेत ना? मंग तुमच्यावर लावून पाहू. तुमची बरोबर दाखोली तं मशीन खरी."

इतकी साधी, इतकी शास्त्रशुद्ध सूचना. मी आनंदानं हो म्हणालो. आणि या वेळी काही चुकायला नको म्हणून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, ऑपरेशनला निघाल्यासारखे. सगळ्यांना दाखवले. काकांनी तर वाससुद्धा घेतला. मी बोट पुढे केलं, मयुरीनं टोचलं.

दोनशे शहाण्णव.

मी म्हणालो, परत. तिनं दुसरा हात टोचला. दोनशे नव्वद.

आता तुम्ही विचाराल, मला आधी काही जाणवलं नव्हतं का. जाणवत होतं की. गेले काही महिने तहान लागायची, घसा कोरडा पडायचा. मी ते उन्हावर ढकलत होतो. बाहेर डिसेंबर होता. पँट सैल झाली होती, ती मी चालण्याच्या व्यायामाला लावली होती. चालायला मी गाडीपर्यंतच जातो. बायको दोनदा म्हणाली होती, एकदा तपासून घ्या. मी म्हटलं होतं, अगं, मला कळत नाही का?

भास्करराव माझ्याजवळ आले. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, आवाज न चढवता विचारतो. "डॉक्टर, एकच सांगा. मशीन खरी की खोटी?"

बघा आता माझी अवस्था. मशीन खोटी म्हणावं, तर वैभवचे एकशे अठरा पण खोटे, आणि सोयरीक मोडली. खरी म्हणावं, तर अकोला जिल्ह्यातल्या दीडशे माणसांसमोर शुगरवाल्याला शुगर. माझी ओपीडी तिथून हाकेच्या अंतरावर. रहीमभाई लेकीच्या लग्नासाठी फोटो का देत नव्हता, ते मला त्या मिनिटाला बोटाच्या टोकापासून कळलं.

मी वैभवकडे पाहिलं. त्याचा हात अजून मयुरीच्या हातात होता. दोघांनाही तो सोडायचं सुचलं नव्हतं.

"मशीन खरी आहे," मी म्हणालो. "मला शुगर आहे."

कुणी हसलं नाही, हे सांगायला हवं. एका म्हातारीनं माझ्यासमोरची जिलेबीची बशी मात्र हळूच उचलली.

"मंग तुमाले कोन पायते?" काकांनी काळजीनं विचारलं.

मी समजलो, संपलं. पण भास्कररावांच्या कपाळावरची आठी तशीच. "पोरगा निरोगी हाये, हे पटलं," ते म्हणाले. "पन मामाले निघाली. हा रोग घरान्यात उतरते म्हंतात. उद्या पोराले, मंग नातवाले..."

आणि इथे आमची ताई उठली. सकाळपासून 'माहा भाऊ, माहा भाऊ' करत मला मांडवभर मिरवणारी ताई.

"त्याचा आमचा काय संबंध, भाऊजी?" ती म्हणाली. "तो माहेरचा. माहेर वेगळं, सासर वेगळं. त्याचं तं आडनावबी वेगळं हाये."

भास्करराव माझ्याकडे वळले. "असं असते का, डॉक्टर?"

आता आनुवंशिकता हा माझा लाडका विषय. त्यावर मी तासभर बोलू शकतो. मामाचं रक्त भाच्यात कसं येतं, याचं माझ्याकडे तयार चित्र आहे. बायकोनं या वेळी कोट धरला नाही, ती फक्त बघत होती. मी घसा खाकरला.

"ताई म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो. "शुगर आडनाव पाहूनच जाते."

अंगठ्या घातल्या गेल्या. लग्नही थाटात झालं. मी गोळ्या घेतो, पायी चालतो, आणि वैभवला मात्र दर वर्षी गुपचूप बोलावून, हात धुवायला लावून, त्याची शुगर तपासतो.

पण साक्षगंधानंतरच्याच एका गुरुवारी अकोल्याच्या ओपीडीत चाळिशीचा एक माणूस आला. बायकोनं ओढून आणलेला. पोट सुटलेलं, मानेवर काळपट पट्टा, शुगरची सगळी लक्षणं दारातूनच दिसत होती. मी म्हटलं, आजच तपासणी करून घ्या. तो म्हणाला, "मले कायची शुगर होते, साहेब? आईच्या बापाले होती, मामाले हाये, पन त्याईचं आडनाव वेगळं."

माझं डोकं सटकलं. "हे असलं कोणत्या गाढवानं सांगितलं तुम्हाला?"

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्चीत जरा अवघडून आवाज खाली आणला.

"साहेब, मी त्या साक्षगंधाले होतो. तुमीच."